बडोद्याचें कलाभवन : कृतिशिक्षणाची जुळणी आणि तिचे कागद

१. बडोद्याच्या कलाभवनाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, तें बहुधा दोन ठिकाणीं आढळतें. श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) ह्यांच्या कारकीर्दीच्या वर्णनांत त्यास एखादी ओळ मिळते, आणि तेथें शिकून नांवारूपास आलेल्या पुरुषांच्या चरित्रांत एखादा परिच्छेद. वर्गांतील विद्या व कारखान्यांतील काम ह्यांची सांगड तेथें कोण घाली व ती कशी घातली जाई, हा प्रश्न दोन्ही ठिकाणीं निसटून जातो. प्रस्तुत लेखांत आम्ही तेवढाच प्रश्न विचारास घेतला आहे.

प्रश्न जुना असला तरी निरुपयोगी नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळांत (२०१२ ते २०१७) 'कम्युनिटी कॉलेज' ह्या नांवाची योजना आपल्या देशांत काढली. शाळा संपलेल्या मुलांस जवळच्या जवळ, थोड्या खर्चांत, हाताला काम देणारें शिक्षण द्यावयाचें, हा तिचा हेतु. नांव अमेरिकेंतून आलेलें आहे. त्यामुळें कल्पनाहि तिकडूनच आली, असा समज सहज होतो. परंतु अमेरिकेंतील अशा पहिल्या सार्वजनिक संस्थेचा आरंभ इलिनॉय संस्थानांत जोलिएट येथें १९०१ सालीं झाला असें मानतात, आणि बडोद्याचें कलाभवन १८९० सालच्या जून महिन्यांत सुरू झालें. अकरा वर्षांच्या ह्या अंतरावरून आपण मोठेपणा मिरवावा, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. दोन्हींकडे एकच अडचण उभी राहिली, ती कशी सोडविली गेली, आणि आपल्याकडील उत्तराचा पुरावा आज कोठें शोधावयाचा, एवढेंच पाहावयाचें आहे.

२. प्रथम काळ लक्षांत घेऊं. सयाजीराव महाराजांस राज्याधिकार २८ डिसेंबर १८८१ रोजीं मिळाले. तत्पूर्वी पुण्यास १८५४ सालीं सुरू झालेल्या वर्गांतून पुढें अभियांत्रिकी कॉलेज उभें राहिलें होतें. मुंबईस १८५७ पासून सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या देणगीचें कलाविद्यालय चालू होतें. आणि १८८७ सालीं तेथेंच व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था निघाली. परंतु ह्या संस्थांचें वरचें शिक्षण इंग्रजीच्या उंबरठ्यापलीकडे होतें. ज्यास इंग्रजी येत नाहीं, परंतु ज्याच्या घरीं पिढ्यान् पिढ्या करवत, माग किंवा रंगाची कढई आहे, त्यास तेथें वाट नव्हती. १८९० हेंच वर्ष पुण्यांतील औद्योगिक परिषदेचें होय. न्या. महादेव गोविंद रानडे प्रभृति मंडळी देशांतील बुडत्या धंद्यांचा विचार ह्याच काळांत करीत होती.

धंदे बुडण्याचें एक कारण रंगांच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. इंग्लंडांत पर्किन ह्यानें १८५६ सालीं डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ सालीं जर्मनींतील ग्रेबे व लीबरमान ह्यांनीं मंजिष्ठेंतील रंगद्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें. १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली. आमच्याकडील रंगारी कापड हिरड्याच्या पाण्यांत बुडवी, वाळवी, तुरटीचा हात देई, मग आल किंवा मंजिष्ठा ह्यांच्या काढ्यांत शिजवी. प्रत्येक पायरीचें माप त्याच्या डोळ्यांत व बोटांत असे. परदेशी रंगाचा डबा त्याच्या हातीं आला, परंतु त्या रंगाची रीति त्याच्या हातीं आली नाहीं. जुनें माप नव्या द्रव्यास लागू पडेना, आणि नवें माप सांगणारीं पुस्तकें त्यास वाचतां येत नव्हतीं. रंग फिके निघत, धुण्यांत उतरत, आणि बोल मात्र रंगाऱ्यास लागे. कारागीर अडाणी होता म्हणून हें झालें असें नव्हे; त्याच्या ज्ञानास व प्रयोगशाळेच्या ज्ञानास जोडणारा दुवाच नव्हता.

३. हा दुवा होण्याचें काम त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांनीं अंगावर घेतलें. हे सुरतेचे राहणारे, जन्म १८६३ सालचा, म्हणजे महाराजांच्याच वयाचे. कुळ सुताराचें, लांकूडकाम व बांधकाम घरांत चालत आलेलें. मुंबईस रसायनशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन ते १८८६ सालीं बडोदें कॉलेजांत अध्यापक झाले. एका हातास रंधा व दुसऱ्या हातास परीक्षानळी ओळखीची असा अध्यापक त्या काळीं विरळा. सुताराच्या घरांत जन्मलेल्या मुलास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. ती ही कीं, कामाचें वर्णन पाठ झाल्यानें काम येत नाहीं, आणि काम येत असलें म्हणजे त्याचें कारण सांगतां येतेंच असें नाहीं.

आम्ही संस्कृताचे अभ्यासक असल्यामुळें येथें एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत तक्षण, वास्तुविद्या, धातुवाद हे विषय आहेत. यादी अशी संपन्न. परंतु आमच्या पाठशाळांत यादी राहिली आणि कला सुताराच्या, गवंड्याच्या व तांबटाच्या घरीं राहिली. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो, तेव्हां निवाडा शब्दांनीं न करतां प्रयोगानें करावा असें ठरतें. शास्त्र व प्रयोग ह्यांचा हा संबंध पंडितांस ठाऊक नव्हता असें नाहीं. मात्र नाट्यापुरता जो न्याय मान्य झाला, तो करवतीस व कढईस कोणी लावला नाहीं.

गज्जरांनीं महाराजांपुढें जो आराखडा मांडला, त्याचीं तीन अंगें होतीं. पहिलें अंग संस्थेचें. तींत चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, रंगकाम व कापडावरील छपाई, विणकाम अशा शाखा असाव्या आणि शिक्षण देशी भाषेंतून व्हावें. दुसरें अंग ग्रंथांचें. शिकवावयाचें देशी भाषेंत, तर पुस्तकें हवींत. त्यासाठीं महाराजांनीं ५०,००० रुपये मंजूर केले, आणि 'सयाजी ज्ञानमंजूषा' व 'सयाजी लघु ज्ञानमंजूषा' ह्या माला निघाल्या. त्यांतील पुस्तकें मुख्यतः गुजराथींत होतीं. तिसरें अंग संस्थेच्या भिंतींबाहेरचें. रंगाच्या नव्या रीति प्रत्यक्ष धंदा करणाऱ्यांस कळाव्या म्हणून त्यांनीं 'रंगरहस्य' नांवाचें त्रैमासिक काढलें. जो रंगारी शिकावयास येऊं शकत नाहीं, त्याच्या कढईपर्यंत विद्येनें जावें, हा त्यांतील विचार.

ह्या तीन अंगांकडे एकत्र पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, नवें तें शाखांच्या यादींत नव्हतें. तशा शाखा इतर ठिकाणींहि होत्या. नवें होतें तें त्यांस एकमेकांशीं बांधणें. भाषा, ग्रंथ, प्रयोगशाळा, कारखाना व धंदेवाईक कारागीर ह्या पांचांस एका सूत्रांत ओवणारा माणूस तेथें होता. सुभाषितकारांनीं ज्यास दुर्लभ म्हटलें, तो योजक हाच.

४. योजकाचें काम प्रत्यक्षांत कसें चाले, ह्याचें उत्तम उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचें आहे. फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले, १८८५ सालीं मुंबईच्या कलाविद्यालयांत दाखल झाले आणि तेथून पुढें बडोद्यास कलाभवनांत आले. वास्तुकाम, चित्रकला असे नेमलेले विषय त्यांनीं शिकलेच. परंतु त्यांचें मन नेमलेल्या विषयांत मावणारें नव्हतें. छायाचित्रण, ठसे तयार करणें, दगडी छापावर छायाचित्र उतरविणें, साच्यांत मूर्ति ओतणें, ह्या सर्वांची त्यांस ओढ होती. अशा विद्यार्थ्यास 'हा तुझ्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हे' असें सांगणें सोपें असतें, आणि बहुतेक संस्थांत तेंच सांगितलें जातें.

गज्जरांनीं तसें केलें नाहीं. तिरंगी ठसे व छायाचित्राच्या छपाईच्या रीति शिकण्यासाठीं त्यांनीं फाळक्यांस रतलामास एका जाणकाराकडे धाडलें. जें आपल्या संस्थेंत शिकविण्याची सोय नाहीं तें जेथें आहे तेथें मुलास पाठवावें, संस्थेचा कमीपणा दिसेल म्हणून त्यास अडवूं नये, हा ह्यांतील धडा. परत आल्यावर कलाभवनाचें छायाचित्रगृह व प्रयोगशाळा फाळक्यांस वापरावयास मोकळी करून दिली. आणि तेथेंच त्यांनीं ठसे व छायाचित्रछपाईचा स्वतःचा व्यवसाय आपल्या नांवानें सुरू केला. १८९२ सालीं अहमदाबादेच्या औद्योगिक प्रदर्शनांत त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळालें.

ह्यांतील क्रम पाहावा. आधीं वर्ग, मग बाहेरगांवच्या जाणकाराजवळ काम, मग परत येऊन संस्थेच्याच साधनांवर स्वतंत्र काम, आणि मग लोकांपुढें प्रदर्शन. आज कृतिशिक्षणाच्या योजनांत ज्या पायऱ्या लिहिलेल्या असतात, त्या चारहि येथें आहेत. मात्र त्या कोणत्याहि नियमावलींतून आलेल्या नव्हत्या. एका मुलाकडे पाहून, त्यास काय हवें तें ओळखून, एका माणसानें त्या जुळवून दिल्या.

पुढें फाळके १९०३ सालीं पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार झाले, आणि राजा रविवर्मा ह्यांच्या छापखान्यांतहि त्यांनीं काम केलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट लोकांसमोर आला. पडदे रंगविणें, कॅमेरा चालविणें, अंधाऱ्या खोलींत फिल्म धुणें, हीं सर्व कामें त्यांनीं अंगें केलीं, आणि धुण्याच्या व भोंकें पाडण्याच्या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ह्यांचा मोठा हातभार होता. ह्याचें सारें श्रेय कलाभवनास द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. फाळक्यांची बुद्धि व चिकाटी त्यांचीच. तरी रसायन, चित्र, वास्तु व यंत्र हीं चार कामें एका माणसाच्या हातांत येण्यास वीस वर्षांपूर्वीं बडोद्यांत दारें उघडलीं गेलीं होतीं, हें विसरतां येत नाहीं.

५. आतां ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू. गज्जर १८९६ सालीं बडोदें सोडून मुंबईस गेले. तेथें त्यांनीं रासायनिक उद्योगाची प्रयोगशाळा काढली. डांबर फांसून विद्रूप केलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा पूर्ववत् स्वच्छ केल्यानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. आणि १९०७ सालीं त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन ह्यांच्यासह बडोद्यांत अलेंबिक हा रासायनिक कारखाना निघाला. १९२० सालीं ते वारले. कलाभवन चालू राहिलें व वाढलें. तेथून शिकून निघालेले लोक कापडाच्या गिरण्यांत व कारखान्यांत पसरले. १९४९ सालीं महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां कलाभवन त्याच्या तंत्रशाखेचें अंग झालें.

परंतु मूळ आराखड्याचीं सर्व अंगें सारख्या जोमानें टिकलीं नाहींत. शाखा टिकल्या, कारण शाखेस खोली असते, यंत्रें असतात, शिक्षकाचा पगार असतो. जमाखर्चांत तिची ओळ असते. देशी भाषेंतील शास्त्रग्रंथ, धंदेवाईकांसाठीं त्रैमासिक, मुलागणिक बाहेरच्या जाणकाराची निवड, हीं कामें मात्र ज्याच्या उत्साहावर चालत होतीं त्याच्याबरोबर मंदावलीं. योजकावर उभी असलेली व्यवस्था योजक गेला म्हणजे बसते, हा ह्या इतिहासाचा कटु भाग होय.

अमेरिकेंत ह्याच अडचणीस निराळें उत्तर दिलें गेलें. सिनसिनाटी विद्यापीठांत हर्मन श्नायडर ह्यांनीं १९०६ सालीं २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग आरंभिला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावावयाच्या. एक कारखान्यांत असतां दुसऱ्यानें वर्गांत बसावयाचें, आणि ठराविक मुदतीनें अदलाबदल करावयाची. कारखान्याचें काम खोळंबत नाहीं व विद्यार्थ्याचा वर्गहि बुडत नाहीं. ह्या अदलाबदलीची देखरेख, कारखानदाराशीं बोलणें, विद्यार्थ्यास कोठें धाडावयाचें तें ठरविणें, हें शिक्षकांचें फावल्या वेळचें काम न राहतां स्वतंत्र पगारी अधिकाऱ्याचें काम झालें. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं नेमलेल्या समितीनें 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव पुढें आणलें. १९७१ सालीं न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज उघडलें, तेव्हां पूर्ण वेळ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ही उमेदवारी आरंभापासून सक्तीची करण्यांत आली. मोलमजुरी करून शिकणाऱ्या घरांतील मुलांस ओळखीपाळखी नसतात. त्यांच्यासाठीं ओळख संस्थेनें करून द्यावयाची, असा त्यांतील अर्थ.

दोन्ही पद्धतींस आपापले दोष आहेत. बडोद्यास माणूस होता, पद नव्हतें. म्हणून माणूस गेल्यावर जागा रिकामी दिसलीहि नाहीं. पद निर्माण केलें तर काम चालू राहतें, परंतु तासांची नोंद भरली म्हणजे शिक्षण झालें असें मानण्याचा मोह तेथें असतो. जो मुलगा नेमलेल्या विषयांत मावत नाहीं त्यास रतलामास धाडण्याचें कलम कोणत्याहि नियमावलींत घालतां येत नाहीं. तथापि पद नसेल तर तसा माणूस येण्यास जागाच राहत नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, आधीं पद असावें आणि मग त्यावर योजक बसविण्याची काळजी घ्यावी. महाराजांनीं दुसऱ्या एका क्षेत्रांत हेंच केलें होतें. १९०६ सालीं ते अमेरिकेंत जाऊन आले. १९१० सालीं विल्यम ॲलन्सन बॉर्डन ह्यांस तेथून बोलावून संस्थानांतील ग्रंथालयांची घडी बसविण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. बॉर्डन तीन वर्षांत परत गेले, परंतु त्यांचें खातें मागें राहिलें आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत राहिल्या. ग्रंथालयांस जें लाभलें, तें कृतिशिक्षणाच्या जुळणीस लाभलें नाहीं.

६. येथवर आम्हीं जें लिहिलें, त्यांतील रतलामची हकीकत आपणांस कोठून कळली, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ती फाळक्यांच्या चरित्रामुळें कळली. फाळके पुढें चित्रपटांचे जनक म्हणून गाजले नसते, तर त्यांचें चरित्र कोणी लिहिलें नसतें, आणि गज्जरांनीं एका विद्यार्थ्यास रतलामास धाडलें ही गोष्ट आपणांस कळली नसती. गज्जरांच्या हाताखालून गेलेल्या ज्या मुलांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं नाहींत, त्यांस कोठें धाडलें, कोणाच्या हाताखालीं बसविलें, कोणत्या मुलास प्रयोगशाळेची किल्ली दिली, हें सारें अंधारांत आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालांत विद्यार्थ्यांची संख्या व खर्चाचा आंकडा येतो. जुळणी आंकड्यांत येत नाहीं.

ह्यासाठीं आमची संग्राहक मंडळीस एक विनंति आहे. आपण सनदा, वतनपत्रें, वंशावळी, शकावल्या व पोथ्या मोठ्या कष्टानें मिळवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु एखाद्या जुन्या घरीं रुमाल सोडतांना पोथ्यांच्या खालीं जें सांपडतें, त्याकडे आपली दृष्टि जात नाहीं. रंगाच्या प्रमाणांची टिपणें व त्यांशेजारीं चिकटविलेले कापडाचे तुकडे असलेल्या वह्या, ठशांचे कच्चे छाप, विद्यार्थ्यांनीं काढलेलीं यंत्रांचीं व इमारतींचीं रेखाचित्रें, 'ह्या मुलास आपणाकडे ठेवून घ्यावें' अशा मजकुराच्या चिठ्ठ्या, प्रदर्शनांचीं पत्रकें, 'ज्ञानमंजूषे'चीं सुटीं पुस्तकें व 'रंगरहस्या'चे अंक. हें सारें बहुधा रद्दींत जातें. मोडी वाचणाऱ्यास त्यांत रस वाटत नाहीं, कारण तें फार अलीकडचें. आणि कारखानदारास वाटत नाहीं, कारण तें फार जुनें.

ह्या कागदांचें मोल शब्दांच्या दृष्टीनेंहि मोठें आहे. शास्त्र देशी भाषेंत आणतांना पंडितांनीं संस्कृतांतून नवे शब्द घडविले. आमचेंहि आयुष्य त्याच भाषेच्या अध्यापनांत गेल्यामुळें त्या शब्दांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु 'रंगबंधक' हा शब्द घडविणाऱ्यापूर्वीं रंगाऱ्यानें हिरडा व तुरटी ह्यांचा उपयोग कोणत्या शब्दांनीं सांगितला होता, सुतारानें सांध्यांच्या प्रकारांस कोणतीं नांवें दिलीं होतीं, कोष्ट्यानें मागाच्या प्रत्येक भागास काय म्हटलें होतें, हें आधीं पाहावयास हवें होतें. तो शब्दसंग्रह ग्रंथांत थोडा व अशा वह्यांत पुष्कळ असण्याचा संभव आहे. वही नाहींशी झाली कीं शब्दहि जातो, आणि तो शब्द ज्या कृतीचा होता ती कृतिहि मागोमाग जाते.

बडोद्यापुरतेंच हें नव्हे. तळेगांवास पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ सालीं उभा राहिला. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं पैशा पैशानें गोळा केलेल्या निधीची ती फलश्रुति. तेथें भट्टीपाशीं उभे राहून शिकलेले कारागीर पुढें देशभर काचेच्या धंद्यांत पसरले. त्यांपैकीं कोणाच्या घरीं भट्टीच्या मिश्रणाची वही असेल, तर ती तळेगांवच्या इतिहासाचें तितकेंच अस्सल साधन समजावें, जितकी एखाद्या देवस्थानाची सनद.

असो. कलाभवनाच्या इमारती उभ्या आहेत, त्यांचें नांव विद्यापीठाच्या इतिहासांत नोंदलें गेलें आहे. त्यांची चिंता नाहीं. विद्येस कामाशीं व कामास माणसाशीं जोडण्याची जी युक्ति तेथें कांहीं वर्षें चालली, तिचे कागद मात्र घरोघर माळ्यांवर सुटे पडले आहेत. कृतिशिक्षणाच्या नव्या योजना आंखणाऱ्यांस ह्या जुन्या अनुभवाचा उपयोग व्हावा असें वाटत असेल, तर तो अनुभव आधीं हस्तगत झाला पाहिजे, आणि तें काम आपल्यासारख्या संग्राहकांवांचून दुसरें कोणी करणार नाहीं. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील, त्यांनीं ते कितीहि क्षुल्लक वाटले तरी रद्दींत न घालतां आपल्या गांवच्या संशोधन संस्थेकडे नोंदवावे, आणि नोंद करतांना वही कोणाच्या घरची व त्याचा धंदा काय, एवढें तरी अवश्य लिहून ठेवावें. इत्यलम्.